पानवेलीभोवतीचा कट्टा

“वेलीला शिवलंय कोण?” बाळगोंडा तात्यांनी विचारलं.

आषाढातला रविवार होता. सकाळचे साडेसात झालेले, आठ दिवस धरलेला पाऊस नुकता उघडलेला. आम्ही चौदा बायका आणि तीन बापे कॉलनीच्या बागेत पानवेलीच्या कट्ट्याभोवती उभे होतो. आत बावीस वेली शेवरीच्या झाडांना धरून माना टाकून लोंबत होत्या. पानं पिवळी, ओल्या फडक्यासारखी. बुंध्यापाशी काळं पडलेलं. पंधरा दिवसांपूर्वी याच वेलीचं पान दुमडलं तर कटकन मोडत होतं.

“मी रागावणार नाही,” तात्या म्हणाले. “पण जी कोण असेल तिनं आपल्या तोंडानं सांगावं. आणि परत बागेत पाय ठेवू नये. पानवेल खोटं सोसत नाही.”

बायका खाली बघत होत्या. माझी सून वृषाली माझ्या डाव्या हाताला उभी होती. ती तेवढी वेलीकडं बघत होती, सरळ, डोळा न हलवता. शहाण्या माणसानं तेवढ्यावरूनच ओळखलं असतं.

हे कसं जुळून आलं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, चार पानांसाठी एवढं रामायण कशाला.

सांगलीला दोन हजार पाचचा पूर आला तेव्हा आमच्या कॉलनीत छातीएवढं पाणी होतं. पाणी गेलं, पण मधल्या मोकळ्या जागेवर दीड हात गाळाची मळी ठेवून गेलं. कुणीतरी येऊन उचलून नेईल म्हणून सगळ्यांनी दहा महिने वाट बघितली. त्यात डुकरं लोळायला लागली. शेवटी एका सकाळी मीच पाटी-खोरं घेऊन तिथं जाऊन उभी राहिले. मला बघून तात्यांची बायको राजमती आली, तिला बघून बाकीच्या आल्या. मी म्हटलं, नदीनं घरपोच आणून दिलेली माती आहे, ही टाकून देणारा करंटा. तिथनं आमचा बागेचा गट सुरू झाला. दर रविवारी सात ते नऊ. अध्यक्ष नाही, चिटणीस नाही. अध्यक्ष नसला तरी बोलायची मीच. शाळा माझी चौथीत सुटली, पण कॉलनीतल्या मास्तरणीसुद्धा मला विचारून वाफे पाडायच्या. माझ्या तोंडाला लोक भ्यायचे आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

मृगाला आम्ही भेंडी, गवारी, दोडका टोकला. गौरीला लागतो म्हणून तेरडा लावला, दसऱ्याला झेंडू. भोगीच्या भाजीला वांगी, घेवडा, गाजर, हरभऱ्याचे घाटे सगळं बागेतलं, घरटी एक वाटा. होळीला वाळला पाला जाळायचा की खड्ड्यात कुजवायचा यावरनं माझं आणि गायकवाड मास्तरांचं वाजलं. मास्तर म्हणाले, होळी ती होळी. मी म्हटलं, बोंब हवी तेवढी मारा, पाला मिळणार नाही. मास्तर आठ दिवस बोलले नाहीत, पण खड्ड्यातलं खत तयार झाल्यावर पहिली पाटी त्यांनीच उचलली.

यात सगळ्यात जास्त राबायची ती वृषाली. घरात ती फारशी बोलायची नाही. माझ्यासमोर तर नाहीच. पण रविवारी साडेसहालाच पदर खोचून बाहेर. रोपं ती करायची, कीड ती ओळखायची, कुठल्या वाफ्यात मागच्या खेपेला काय होतं ते तिला तोंडपाठ. बागेत तिला हसताना ऐकलं तेव्हा मला कळलं की हिला हसता येतं. सहा वर्षं घरात होती.

पानवेल ही तात्यांची हौस. तात्या वीज खात्यातनं लाइनमन म्हणून रिटायर झालेले, पण माणूस मूळचा पानमळ्यातला. माझं माहेरही त्याच बाजूचं. त्यांनी मृगालाच दोन ओळींत शेवरी टोकून ठेवली होती. गणपती गेल्यावर गावाकडनं वेलीचं बेणं आणलं आणि लावायच्या आधी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. चप्पल बाहेर. बाईमाणसानं आत पाय ठेवायचा नाही, पाणी कडेला उभं राहून पाइपनं घालायचं. आणि ज्या बाईचे ते चार दिवस असतील तिनं पाइपलाही हात लावायचा नाही. पाण्याचा आपला वार राजमतीला सांगून दुसरीला द्यायचा.

वृषाली बी.एस्सी. झालेली. ती म्हणाली, “तात्या, पाइप रबराचा आहे.”

दोघी-तिघी हसल्या. तात्या ओशाळले. तेव्हा मी बोलले. म्हटलं, पानमळ्यातलं तुला काय ठाऊक, तुझ्या माहेरी पानं नुसती खातात. पानमळा म्हणजे देवाची जागा. तात्या सांगतात ते बरोबर आहे.

मी बोलले म्हणून तो नियम झाला. नाहीतर हसण्यावारी गेला असता. हे मी लपवत नाही. आमच्या घरातही तेच होतं. ते चार दिवस वृषालीला मागच्या खोलीत चटई, स्वयंपाकघर बंद, ताट-वाटी वेगळी. माझा मुलगा सुकुमार तिला हाता-पाया पडून सांगायचा, आई आहे तोवर चालवून घे. माझं स्वतःचं ते वय कधीच सरलेलं, तरी वर्षभरात मीसुद्धा वेलीत पाऊल टाकलं नाही. बाई म्हणजे बाई.

वेल चढली. शेवरीला लव्हाळ्यानं बांधत बांधत तात्यांनी ती पाडव्यापर्यंत डोक्याच्या वर नेली. पाडव्याला पहिला खुडा केला आणि घरटी पाच पानं वाटली. मी तिथंच चुना लावून एक तोंडात टाकलं. माझ्या वडिलांच्या मळ्यातलं पान असंच होतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी राजमतीला म्हटलं, तिखट आहे गं.

पाडव्यानंतर तात्यांनी कट्टा बांधला. पोरांचा चेंडू आत जातो, कुत्रं शिरतं, आणि बायका पाणी घालता घालता आत वाकतात. स्वतः विटा आणून, स्वतः सिमेंट कालवून, चारी बाजूंनी गुडघाभर उंच कट्टा, कुठं फट म्हणून नाही. वरनं गिलावा करून चुना फासला. राजमती सगळ्यांना सांगत होती, आता शिवाशिवीची भीतीच नाही, दिसतंच की कुठवर यायचं ते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलं. मंगळवारचा पाण्याचा वार वृषालीचा. आणि तो तिचा दुसरा दिवस होता, चटई मीच घातली होती. तिनं नळ सोडला, पाइप कट्ट्यावरनं आत टाकला. मग इकडंतिकडं न बघता चप्पल काढली, कट्ट्यावर पाय दिला आणि आत उतरली. एक वेल शेवरीवरनं सुटून लोंबत होती. ती तिनं उचलली, लव्हाळ्यानं बांधली, बुंध्याशी माती ओढली. सगळं कसं अगदी रमतगमत.

मी खिडकी लावून घेतली. ती आली, हात-पाय धुऊन मागच्या खोलीत गेली. मी तिचा चहा दाराशी ठेवला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्या दिवसांत मी रोज पहाटे उठून चहाच्या आधी बागेत जाऊन वेल बघून यायचे. पानं उलटी करून बघायचे, देठ बघायचे. वेल नुसती फोफावत होती. तात्या सगळ्यांना बोलावून दाखवत होते, आमच्या गावातही अशी वेल नाही.

मग आषाढ लागला, आठ दिवस पाऊस हटला नाही, आणि नवव्या दिवशी आम्ही सगळे कट्ट्याभोवती उभे होतो.

“विचारायचं कशाला पण?” राजमती म्हणाली. “कट्टा झाल्यापासनं सगळ्या बायकांनी माझ्याकडं येऊन वार बदलून घेतले. एकटी वृषाली आली नाही. तीन महिने झाले. काय गं, दिवस गेलेत का? असं असेल तर सांग, पेढे तरी खाऊ.”

मागनं कुणीतरी फिसकन हसलं.

“माझा वार मी का बदलू, काकू?” वृषाली म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

राजमती काहीतरी बोलणार होती, तात्यांनी हात वर करून तिला थांबवलं. माणूस वाईट नव्हता. वेल मेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं, घरातलं माणूस आजारी पडल्यावर दिसतं तसं. ते माझ्याकडं वळले.

“अक्का, तुमच्या घरात अजून सगळं पाळतात. तुम्हाला दिवस न् दिवस माहीत. ही त्या दिवसांत इथं आली होती का, तेवढं सांगा. तुमच्या शब्दावर सोडतो. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला.”

त्यांनी मला वाट काढून दिली होती. नाही म्हटलं असतं की सुटलो असतो. मी आयुष्यात पुष्कळदा खोटं बोलले आहे, पाहुण्यांशी बोलले आहे, देवाशी बोलले आहे. त्यात एकाची भर पडली असती.

“आली होती,” मी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी. एकदा नाही, तीन खेपा. आणि नुसता पाइप धरला नाही, आत उतरून वेल बांधली. मी खिडकीतनं बघितलं.”

वृषालीनं माझ्याकडं मान वळवली. ते तोंड मी अजून विसरले नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“झालं तर,” राजमती म्हणाली.

“पोरी,” तात्या म्हणाले, “उद्यापासनं तू—”

“थांबा. माझं झालं नाही अजून,” मी म्हणाले. “तात्या, पहिल्यांदा ती आत उतरली ते चैत्रात. तेव्हा वेल मेली?”

तात्या राजमतीकडं बघायला लागले.

“वैशाखात उतरली. मेली? त्याच्या पुढच्या महिन्यात? तेव्हा तुम्हीच आम्हाला बोलावून दाखवत होता, गावात अशी वेल नाही म्हणून. तीन महिने विटाळ झोपला होता आणि पाऊस पडल्यावर जागा झाला?”

“विटाळाला वेळ लागतो,” राजमती म्हणाली.

“मुरायला ते काय लोणचं आहे?”

आता हसू आलं ते दुसऱ्या बाजूनं. मी हसले नाही. अवजारांच्या पेटीकडं गेले आणि पहार घेऊन आले. साठीला टेकलेली बाई पहार घेऊन येते म्हटल्यावर लोक आपोआप बाजूला झाले. बागेमागच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात जमीन सगळ्यात खाली, तिथं जाऊन उभी राहिले.

“अक्का, कट्ट्याला हात लावायचं काम नाही,” तात्या म्हणाले.

“हात लावत नाही. पहार लावते.”

पहिल्या दोन घावांत गिलावा उडाला. तिसऱ्याला वीट हलली. चौथ्याला ती आत पडली आणि आतनं पाणी आलं. काळं, गटारीसारखा वास मारणारं, माझ्या पायांवरनं. बायका मागं सरकल्या. पाणी थांबायचं नाव घेईना. वर माती दिसत होती म्हणून कुणाला कळलं नव्हतं, पण खाली वेलीचे पाय आठ दिवस डबक्यात होते. मी वाकून कडेची एक वेल धरली आणि ओढली. जोर लावावा लागला नाही. भिजलेल्या सुतळीसारखी हातात आली, खाली मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं.

ती मी तात्यांसमोर धरली.

“तुम्ही पानमळ्यातले. वेलीच्या पायात पाणी थांबलं तर काय होतं?”

तात्यांनी वेलीकडं बघितलं. मग चारी बाजूंनी फिरून आलेल्या आपल्या कट्ट्याकडं बघितलं, पांढऱ्याशुभ्र, फट नसलेल्या. मला त्यांची दया आली, पण दया आली म्हणून मी सोडत नाही कुणाला.

“सांगा की.”

“मर लागते,” तात्या म्हणाले.

“मोठ्यानं.”

“मर लागते, अक्का.”

राजमतीला ते सोसलं नाही. नवऱ्याची मान सगळ्यांसमोर खाली गेली, कुठल्या बाईला सोसेल? ती म्हणाली, कट्ट्याचं असेल तसं असेल, पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं खोटं का? बाई शिवली आणि अख्खा मळा गेला, असं तिच्या आजीनं बघितलेलं आहे.

“मी पण बघितलंय,” मी म्हणाले. “ती बाई मीच होते.”

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, तो जाईपर्यंत. त्या दिवशी काळ्या पाण्यात उभं राहून सोळा माणसांपुढं सांगितलं.

माझ्या वडिलांचा पानमळा होता. मी दहा वर्षांची. थोरला भाऊ अण्णा पाण्याला होता आणि गावात जत्रा होती. दुपारी मी अण्णाची भाकरी घेऊन गेले तर बांधावर अण्णा नाही. हाका मारल्या, ओ नाही. म्हणून हाका मारत मारत मळ्यात गेले. आत घोट्याएवढं पाणी. पाटाचं दारं वेलीत उघडं टाकून अण्णा कुस्त्या बघायला गेला होता. मी पोर, मला काय कळतं, मी भाकरी बांधावर ठेवली आणि घरी आले. अण्णा दिवस मावळायला परतला. पंधरवड्यात मर लागली. सगळा मळा. वडिलांनी घरातल्या सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, कोण शिवलं? अण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाला, मालन आत गेली होती.

“वडिलांनी आईला विचारलं, पोर मोठी झाली का?” मी राजमतीला म्हणाले. “माझे कपडे आई धुवायची. तिला ठाऊक होतं झाली का नाही ते. ती खाली बघत उभी राहिली. खाली बघितलं म्हणजे हो, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी शाळेतनं नाव काढलं. मोठी झालेली पोर शाळेत कशाला. मला न्हाण आलं ते त्यानंतर चार वर्षांनी, लग्नाच्या मांडवात. हा तुझ्या पिढ्यान्‌पिढ्यांचा विटाळ. मला ठाऊकसुद्धा नव्हता तो कशाला म्हणतात.”

कोपऱ्यातनं पाणी वाहत होतं तेवढाच आवाज.

“वृषाली पुढच्या रविवारी येणार,” मी म्हणाले. “ज्याला चालत नसेल त्यानं यायचं नाही. मला कुणाची गरज नाही. पहिल्या दिवशी एकटीच आले होते.”

तात्या चप्पल पायात घालून निघून गेले. राजमती त्यांच्या मागं. बाकीच्या आपापल्या वाफ्यांकडं गेल्या, पण त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर वृषालीनं दार लावलं आणि तिथंच उभी राहिली.

“तुम्ही मला चैत्रातच बघितलंत.”

“हो.”

“आणि बोलला नाहीत.”

“नाही.”

“तुम्ही? भाजीत मीठ चिमूटभर जास्त पडलं तर चार घरं ऐकतात. आणि यावर बोलला नाहीत?” ती जवळ आली. “का?”

मी पाय पुसत होते. वास जात नव्हता.

“वेल मरते का ते बघत होते,” मी म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

“म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं तुम्हाला खात्री नव्हती?”

“दहा वर्षांच्या पोरीला सगळं घर, सगळी भावकी सांगते, तुझ्यामुळं मळा गेला. खात्री कुठनं आणायची? पाणी मी बघितलं होतं. पण आत पण मीच गेले होते.”

ती माझ्यासमोर खाली बसली. मग तिनं विचारलं, “आणि चैत्रात मेली असती तर?”

उत्तर तिला ठाऊक होतं आणि मलाही. मेली असती तर मीच तिला हाताला धरून तात्यांपुढं उभी केली असती.

ती आत गेली. मी मागच्या खोलीतली चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. तिनं ते बघितलं, पण त्यावरनं आमच्यात एक शब्द झाला नाही. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही समजूत काढायला गेले नाही. माझ्याकडं समजुतीचे शब्दच कधी नव्हते.

पुढच्या रविवारी सतरांतली अकरा माणसं आली. श्रावणात चौदा झाली. कट्टा आम्ही फोडला आणि विटा खताच्या खड्ड्याला लावल्या. तात्या आणि राजमती फिरकले नाहीत. वेलीची जागा तशीच पडून होती, बावीस शेवऱ्या आणि खाली रान. गायकवाड मास्तर म्हणाले, तिथं मिरची लावू. मी नको म्हटलं. का नको ते मला सांगता आलं नाही, पण माझ्या नको म्हणण्याला कारण लागत नाही.

गणपती गेल्यावरच्या रविवारी तात्या आले. एकटे. डोक्यावर ओल्या पोत्याची गुंडाळी. ती त्यांनी शेवऱ्यांपाशी उतरवली, सोडली. आत वेलीचं बेणं होतं, ताजं, गावाकडनं आणलेलं. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “अक्का, बेणं आणलंय. वाफे उंच करू, पाण्याला चर काढू. लावायचं कुणी ते तुम्ही सांगा.”

सगळे हातातलं टाकून आले. मला असा क्षण आवडतो, खोटं कशाला बोलू. मी कंबरेवर हात ठेवले आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वृषाली लावेल. आणि आज तिचा दुसरा दिवस आहे. मुद्दाम सांगते, सगळ्यांनी ऐका.”

वृषालीच्या हातात रोपांची पाटी होती. ती तिनं खाली ठेवली.

“अक्का,” ती म्हणाली, “माझे दिवस तुम्ही सांगायचे नाहीत. राजमतीकाकूंनी सांगायचे नाहीत आणि तुम्हीही नाही.”

कॉलनीत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. कान तापले. जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं झोंबणारं, आजही आठवतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तात्यासुद्धा.

मी ते गिळलं.

“मग लावायचं कुणी?” मी विचारलं.

“तुम्हाला येतं?”

“कुठनं येणार? मला कुणी आत जाऊ दिलं होतं?”

“मग उतरा,” वृषाली म्हणाली.

मी चप्पल काढली. लुगड्याचा काष्टा वर खोचला. आता अडवायला कट्टा नव्हता, तरी पाय उचलताना मला काहीतरी ओलांडल्यासारखं वाटलं. माती गार होती. तात्या उकिडवे बसले, पहिलं बेणं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, दोन पेरं मातीत, दोन वर, डोळा शेवरीकडं करायचा, माती दाबायची पण चिणायची नाही.

मी चिणलीच.

“हलक्या हातानं, अक्का,” मागनं वृषाली म्हणाली.

“कळतंय मला,” मी म्हणाले, आणि दुसऱ्या बेण्यासाठी हात पुढं केला.